घोडे किती आणि भरवसा किती?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज गाडीच्या इंजिनाबद्दल बोलायचे आहे. शेतकऱ्यांच्या बैठकीत हा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. कारण सांगतो. गेल्या महिन्यात भीमेच्या अलीकडच्या एका गावातली पाच घरे आमच्याकडे आली. पाचही जिरायती. ज्वारी, थोडा कांदा, दोन घरी दुभती जनावरे. पाच जणांत मिळून एक पिकअप घ्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. दोन जणांची बोलणी फायनान्सवाल्याशी झालीसुद्धा. अडले एका जागी. तरण्या पोरांना मोठ्या ताकदीचे इंजिन हवे, म्हातारे म्हणतात लहान घ्या पण दारात बंद पडणारे घेऊ नका. "तुम्ही शेतकीचे पदवीधर, तुम्ही सांगा," असे म्हणाले.

शेतकीच्या पदवीला आम्हाला इंजिन शिकवले ते एका सत्रापुरते. त्यापेक्षा जास्त शिकलो ते रस्त्यावर, रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात बॉनेट उघडून. तेव्हा जे बोलणार ते अर्धे पुस्तकातले आणि अर्धे ठेच खाऊन आलेले आहे.

आणि हा विषय लहान नाही. आपल्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात जमीन सोडली तर गाडी ही सर्वांत मोठी खरेदी. विहिरीला लागला नसेल एवढा पैसा तिला लागतो. हप्ते थकले की फायनान्सवाला गाडी ओढून नेतो; भरलेले पैसे गेले, गाडी गेली, जामीन राहिलेला भाऊबंद तोंड फिरवतो. असे घर प्रत्येक गावात एक तरी सापडेल. म्हणून आज हिशोब मांडू.

आधी सांगा, वाहायचे काय?

बाजारात गेलो की दुकानदार पहिल्यांदा घोडे सांगतो. इतक्या अश्वशक्तीचे, तितक्या अश्वशक्तीचे. आपण पहिल्यांदा आपला माल सांगायला हवा.

ज्वारीवाल्याचा माल कोणता? ज्वारी निघते थोडी, कडबा निघतो ढीगभर. कडब्याची पेंढी दीड किलोची धरली तर सहाशे पेंढ्यांचे वजन नऊ क्विंटल. पण सहाशे पेंढ्या पिकअपच्या हौद्यात रचून पाहा. फाळक्याच्या वर दोन माणूस उंच जातात, दोरखंड आवळावे लागतात, आणि वजन अजून गाडीच्या मर्यादेच्या आतच असते. इथे घोडनदीच्या पलीकडून, कर्जत-जामखेडकडून आलेले कपाशीवाले बसले आहेत. त्यांचे तेच. सुटा कापूस पायाने तुडवून भरला, वर जाळी लावली, तरी सात-आठ क्विंटलवर गाडी शिगोशीग भरते. म्हणजे कडब्याची आणि कापसाची गाडी आधी जागेने भरते, वजनाने भरतच नाही. या मालाला लांब-रुंद हौदा हवा. मोठ्या इंजिनाची गरज नाही.

आता दुसरा माल बघा. कांदा, खताची पोती, सिमेंट, मुरघासाच्या गोण्या. यांत हौदा अर्धा रिकामा असतानाच पाटे दबलेले असतात. इथे ओढ लागते.

तिसरा माल दूध. वजन जेमतेम दोन-तीन क्विंटल, पण ते रोज, ठरल्या वेळेला, पाऊस असो वा लग्न असो. त्या पाच घरांच्या बैठकीत पोरे टर्बोची तारीफ करत होती. कोपऱ्यातून एक वहिनी म्हणाल्या, "भाऊ, गाडी बंद पडली की माझं दूध नासतं. तुमच्या इंजिनाचे घोडे किती याला मी काय करू? ते नासलेलं दूध घोड्यांना पाजू?" सगळे हसले, पण त्या बैठकीत खरा प्रश्न विचारला तो त्यांनीच.

तेव्हा पहिले काम हे. गेल्या वर्षभरात आपल्या घरातून काय काय गेले, किती फेऱ्या झाल्या, त्यातल्या किती वजनदार मालाच्या, हे वहीत लिहा. वर्षात वजनदार मालाच्या फेऱ्या पंचवीस आणि हलक्या मालाच्या दोनशे असतील, तर पंचवीस दिवसांसाठी वर्षभर मोठ्या इंजिनाचा हप्ता भरायचा का, हे ठरवा. त्या पंचवीस दिवशी भाड्याचा टेम्पो परवडतो का, तेही बघा.

घोडे वेगळे, ओढ वेगळी

शिरूर आणि खेडच्या माणसाला बैल शिकवायला नको. बैलगाडा शर्यती २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा इथल्या गावोगावी जत्रा भरल्यासारखे झाले होते. शर्यतीचा बैल काही सेकंदांत घाट पार करतो. त्याला नांगराला जुंपाल का? आणि दिवसभर पाभर ओढणारा बैल घाटात सोडाल का? दोघांचीही ताकद खरी, पण ती वेगवेगळ्या कामाची.

इंजिनाचेही तसेच. पत्रकावर दोन आकडे असतात. एक अश्वशक्ती: काम किती झपाट्याने उरकते त्याचे माप. दुसरा टॉर्क, त्याला आपण ओढ म्हणू: चाक फिरवायला जोर किती लागतो त्याचे माप. तो न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो. भरलेली गाडी चढावर, चिखलातून, नांगरटीच्या कडेने हलवायची तर ओढ महत्त्वाची. नगर रस्त्यावर रिकामी गाडी पळवायची तर घोडे महत्त्वाचे. आणि ओढीच्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ती किती फेऱ्यांना मिळते. कमी फेऱ्यांत मिळणारी ओढ शेताच्या कामाची. जास्त फेऱ्यांत मिळणारी ओढ पाहिजे तर गाडी रेटावी लागते, आणि रेटलेले इंजिन डिझेल पिते आणि झिजते.

लिटरमागे किती घोडे?

आता एक साधी कसोटी सांगतो. इंजिनाचा आकार सीसीमध्ये दिलेला असतो. १००० सीसी म्हणजे एक लिटर. घोड्यांना लिटरने भागा. एका लिटरच्या भांड्यातून किती घोडे काढले आहेत ते कळेल.

विहिरीवरच्या ऑइल इंजिनापासून सुरू करू. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात, खडकीला १९४६ साली सुरू झाली. त्यांचे एव्ही-१ इंजिन आपल्या आजोबांनी पाहिलेले आहे. ५५३ सीसी, मिनिटाला १५०० फेरे, ताकद ५ घोडे. लिटरमागे ९ घोडे. एवढ्या मोठ्या भांड्यातून एवढेच काढले म्हणून ते इंजिन वीस वीस वर्षे रात्रंदिवस पाणी उपसत राहिले, आणि गावातला कुठलाही मिस्त्री हातोडी-पान्यावर ते दुरुस्त करत राहिला.

२००५ साली पुण्यातून टाटांचा एस बाहेर पडला, ज्याला सगळा देश छोटा हत्ती म्हणतो. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ घोडे. लिटरमागे २३. त्या काळी लोक हसले की सोळा घोड्यांवर कुठे मालगाडी चालते का. पण पाऊण टन माल, खेड्यातला रस्ता आणि चाळीसचा वेग एवढ्या कामाला ते पुरले आणि तो गावोगावी पोहोचला.

पुढे बीएस-६ आल्यानंतरच्या काळात निघालेल्या गाड्या घ्या. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपचे इंजिन २५२३ सीसीचे. ७१ घोडे आणि २०० ची ओढ, आणि जास्त भाराच्या प्रकारात ८१ घोडे आणि २२० ची ओढ. ७१ चा हिशोब केला तर लिटरमागे २८. टाटांच्या इंट्रा व्ही-३० चे इंजिन १४९६ सीसीचे. ७० घोडे, १४० ची ओढ. लिटरमागे ४७. त्याच मालिकेतली व्ही-५०, तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून ८० घोडे आणि २२० ची ओढ. लिटरमागे ५३. टाटा योद्धाचे २१७९ सीसीचे इंजिन १०० घोडे आणि २५० ची ओढ देते. लिटरमागे ४६.

यातून कंपन्यांची लायकी ठरवायची नाही. आकडा जास्त म्हणजे इंजिन वाईट, असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. नवे लोखंड, नवे ऑइल, चांगले कूलिंग, टर्बो, यांच्या जोरावर लहान इंजिनातून जास्त ताकद सुखाने काढता येते, आणि लहान इंजिन हलके असते, डिझेल कमी पिते. आकडा सांगतो तो एवढेच, की या इंजिनाला किती कसले आहे. जे जास्त कसले, त्याला काळजी जास्त लागते. ऑइल वेळेवर, फिल्टर वेळेवर, रेडिएटरचे पाणी रोज. लिटरमागे नऊ घोड्यांचे इंजिन एक हलगर्जीपणा माफ करते, लिटरमागे पन्नास घोड्यांचे करत नाही.

आपल्या ज्वारीत हेच नाही का? मालदांडी ३५-१ ही १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेली. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. संकरिताने पाणी आणि खत मिळाले तिथे कणसे भरून दिली. पण रब्बीत, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर, परतीचा पाऊस हुकला त्या वर्षी पदरात काहीतरी टाकले ते मालदांडीने. आमच्यातले काही पदवीधर तेव्हा मालदांडी लावणाऱ्याला मागास म्हणायचे. तो मागास नव्हता. त्याने आपले रान ओळखले होते.

आमची फजिती

आता स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली. टर्बो, मोठी ताकद, वर्षभर वापरलेली, दिसायला नवरीसारखी. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल की दोष तिचा नव्हता. मे महिन्यात कांदा भरून पहाटेच्या बाजारासाठी रात्री निघालो. कासुर्डीच्या पुढे गाडीने आचके दिले, काळा धूर सोडला आणि बसली. गावातल्या मिस्त्रीला फोन केला. तो बिचारा मोटरसायकलवर आला, बॉनेट उघडले, पाहिले आणि म्हणाला, "साहेब, हे कॉम्प्युटरचं काम आहे. मी हात लावला तर वाढेल."

कांदा दुसऱ्या टेम्पोत भरला. हमाली दोनदा, भाडे दोनदा, आणि बाजारात पोहोचलो तेव्हा लिलाव उरकला होता. दुसऱ्या दिवशी जो भाव पडला तो घेऊन गुमान परत आलो. गाडी ओढून पुण्यात नेली. दोन नोझल गेले होते. सामान यायला अकरा दिवस. बिल पाहून चौघांनी एकमेकांकडे पाहिले, बोलले कुणीच नाही.

मग वर्कशॉपमधल्या एका जुन्या फिटरने डिझेलच्या टाकीतला गाळ एका बाटलीत काढून दाखवला. तळाला पाणी होते. आम्ही डिझेल स्वस्त मिळाले की पिंपात भरून गोठ्यात ठेवत होतो, आणि पिंपातले उपसून टाकीत टाकत होतो. जुन्या पंपाच्या इंजिनाने ते पचवले असते. कॉमन रेलच्या नोझलची भोके अगदी बारीक असतात आणि त्यांतून डिझेल प्रचंड दाबाने जाते. त्यात पाण्याचा थेंब म्हणजे विष. म्हणजे इंजिन चांगले होते, आम्ही त्याच्या लायकीचे नव्हतो. हे वाक्य लागते, पण खरे आहे.

पण लहान म्हणजे भरवशाचे, असेही नाही

हे ऐकून म्हातारी मंडळी खूश झाली असतील. त्यांनाही थोडे सांगायचे आहे. यवतच्या बाजूने भुलेश्वरचा घाट चढून माळशिरसला जाणारा रस्ता तुम्हाला माहीत आहे. आमच्या एका मित्राने पाऊण टनाच्या टेम्पोत दीड टन माल घालून तो घाट चढवला. एकदा चढला, दोनदा चढला. तिसऱ्यांदा क्लच प्लेट जळाल्याचा वास आला, पुढच्या महिन्यात हेड गॅसकेट गेले, वर्षाच्या आत इंजिन उतरवावे लागले. तो सगळ्यांना सांगत फिरतो की ते इंजिन फसवे आहे. इंजिन फसवे नव्हते. एका बैलाच्या मानेवर दोन बैलांचे जू ठेवले होते.

म्हणून भरवसा हा इंजिनाच्या आत नुसता शोधू नका. लहान इंजिन कायम पूर्ण दाबून चालवले तर ते मोठ्यापेक्षा लवकर मरते. मोठे इंजिन अर्ध्या दमात चालले तर वर्षानुवर्षे टिकते. आपल्या नेहमीच्या मालाला जेवढी ताकद लागते, तिच्यावर पाव हिस्सा शिल्लक हवी. तेवढ्यापर्यंतची ताकद भरवसाच वाढवते. त्याच्या पुढची ताकद म्हणजे शौक, आणि शौकाचा हप्ता ज्वारीतून फिटत नाही.

जादा भाराबद्दल आणखी एक. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड घातला. लहान गाडी घेऊन मोठीचे काम करू, हा हिशोब एका नाक्यावर उलटा होतो.

२०२० नंतर काय बदलले

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जात होता. पण त्यासाठी डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी बसली. ती जाळी भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते. अट एकच: इंजिन पुरेसे तापले पाहिजे आणि काही वेळ एकसारखे चालले पाहिजे.

आता आपली फेरी पाहा. शेतातून गावात तीन किलोमीटर, गावातून डेअरीत चार, मध्ये पाच वेळा थांबायचे. इंजिन तापायच्या आत बंद. महिनोन्महिने असे चालले तर जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडी ताकद सोडते. पुण्याला रोज जाणाऱ्याला हा त्रास होत नाही, गावातल्या गावात फिरणाऱ्याला होतो. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर काढा, वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत चालवा. दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका. आणि कुणी सांगितले की जाळी काढून टाकतो, तर हात जोडून घरी या. पुढे पीयूसी आणि फिटनेसला अडकाल.

काही डिझेल गाड्यांत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत घालावे लागते. इथे हसू नका, कारण हे होते. युरिया म्हणजे युरियाच, घरात पोते आहे, पाण्यात विरघळवून टाकू, असा विचार आपल्याच माणसाच्या डोक्यात येतो. गाडीचे द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते. आपल्या पोत्यातला युरिया २०१५ पासून निंबोळी तेल लावलेला येतो. तो कपाशीला चांगला, गाडीच्या पोटात गेला तर लाखाच्या घरातले नुकसान. युरिया शेतातच टाका.

सीएनजीबद्दल बरेच जण विचारतात. काजळीच्या जाळीचा त्रास त्यात नाही, इंजिन शांत चालते, किलोमीटरमागे खर्च बहुधा कमी. पण पेट्रोलचे इंजिन सीएनजीवर चालवले की ताकद थोडी उतरते, टाकीचे वजन आणि जागा मालातून जाते, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी करावी लागते. नगर रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर पंप आहेत, आत वाडी-वस्तीवर नाहीत. ज्याची फेरी रोज महामार्गाने जाते त्याने विचार करावा. ज्याला गॅस भरायला वीस किलोमीटर उलटे यावे लागते त्याने करू नये.

पाबळचा धडा

शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधकाचे काम सोडून ते या कोरडवाहू गावात आले आणि गावातल्या शाळा सुटलेल्या पोरांना हाताने काम करत विज्ञान शिकवू लागले. त्या आश्रमात मेकबुल नावाचा लहान ट्रॅक्टर तयार झाला. जीपचे भाग आणि लहान डिझेल इंजिन. कल्पना सरळ होती: आपल्या भागात जे सुटे भाग मिळतात आणि जी दुरुस्ती आपल्या मिस्त्रीला येते, त्यातून यंत्र उभे करायचे. बाजारातल्या मोठ्या ट्रॅक्टरशी त्याची बरोबरी नव्हती, पण त्याच्या पोटात काय आहे हे बनवणाऱ्या पोरांना माहीत होते.

आज आपण घरी पिकअप बनवणार नाही. पण पाबळचा धडा घ्यायचा तो हा, की यंत्राचा मालक तोच, ज्याला ते दुरुस्त करता येते किंवा जो दुरुस्त करणाऱ्याला ओळखतो. बाकीचे नुसते हप्ते भरणारे.

पाच घरांचा हिशोब

त्या पाच घरांसमोर दोन गाड्या होत्या. एक साधारण आठ लाखांच्या कर्जाची, एक दहा लाखांची. मोठीचे इंजिन ताकदीचे, आणि पाच क्विंटल माल जादा नेणारी. आम्ही पाटीवर हिशोब मांडला. व्याज साडेदहा टक्के धरले, मुदत पाच वर्षे. आठ लाखांचा हप्ता साधारण १७,२०० रुपये, दहा लाखांचा साधारण २१,५००. फरक महिन्याला ४,३००. महिन्याला दोन हजार किलोमीटर धरले. लहानीचे एव्हरेज १४, मोठीचे १२, डिझेल ९० रुपये धरले, तर डिझेलचा फरक साधारण २,१५०. एकूण फरक महिन्याला ६,४५० रुपये.

आता मोठी गाडी जादा काय कमावते? पाच क्विंटल. क्विंटलला शंभर रुपये भाडे धरले तर फेरीला ५०० रुपये. म्हणजे महिन्याला तेरा फेऱ्या पूर्ण वजनाने भरल्या तरच मोठी गाडी स्वतःचा जादा खर्च काढते. बाराही महिने, दर महिन्याला तेरा. आम्ही विचारले, वर्षात वजनदार मालाच्या फेऱ्या किती? त्यांनी बोटे मोजली. कांद्याच्या हंगामात महिन्याला दहा-बारा, तेही दोन-अडीच महिने. बाकी दूध आणि कडबा. पोरे गप्प झाली.

उद्या यांच्यातल्या कुणाला बारमाही पाणी मिळाले, गुऱ्हाळाची किंवा भाजीपाल्याची रोजची वाहतूक मिळाली, तर हाच हिशोब मोठ्या गाडीच्या बाजूने जाईल. तेव्हा पोरांचे बरोबर ठरेल. आकडे तुमचे घाला, पद्धत ही ठेवा.

घेण्याआधी पाच प्रश्न

दुकानात पाय ठेवण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरे वहीत असू द्या.

पहिला. ही गाडी बंद पडली तर माझ्या गावापासून किती अंतरावर, किती तासांत आणि किती पैशांत सुरू होईल? शिरूर, शिक्रापूर, केडगाव-चौफुला, दौंड, यांपैकी कुठे तिचा फिटर आहे, त्याच्याकडे स्कॅनर आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. फोनवर विचारू नका.

दुसरा. फिल्टर, क्लच प्लेट, फॅन बेल्ट, पाण्याचा पंप, हे चार भाग तालुक्याच्या दुकानात आज शेल्फवर आहेत का? किंमत विचारून लिहा.

तिसरा. हेच इंजिन वापरणारे, लाख किलोमीटर झालेले तीन मालक शोधा. नवी गाडी घेतलेला माणूस कधी वाईट बोलत नाही; त्याला आपली निवड बरोबर वाटायची असते. लाख किलोमीटरवाला खरे सांगतो. त्याला विचारा की पहिले मोठे काम कधी निघाले, बिल किती आले आणि गाडी किती दिवस उभी राहिली.

चौथा. चालवून पाहायची ती रिकामी नको. आपल्या मालाइतके वजन घालून, आपल्या गावच्या चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवून पाहा. विक्रेता नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.

पाचवा, आणि हा स्वतःला विचारायचा. ऑइल वेळेवर बदलणारा, एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला झटकणारा, डिझेल ओळखीच्या पंपावरच भरणारा माणूस आपल्या घरात आहे का? त्याचे नाव वहीत लिहा. पाच घरांची गाडी असेल तर पाचही नावे लिहू नका, एकच लिहा. पाच जणांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, हे सोसायटीत पाहिले आहे.

भावांनो, त्या पाच घरांनी शेवटी लहान गाडी ठरवली, पण आणखी एक गोष्ट केली. महिन्याला वाचणाऱ्या ६,४५० रुपयांतले दोन हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, ते दुरुस्तीचे. कुणी हात लावायचा नाही. आणि गावातल्या मिस्त्रीच्या पोराला नव्या इंजिनाचे काम शिकायला पाठवायचे, त्याच्या खर्चात पाचही घरांनी वाटा घालायचा. ही दुसरी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती, ती त्या दुधाच्या वहिनींनी सुचवली. त्या म्हणाल्या, "गाडी पाच वर्षांनी म्हातारी होईल. पोरगा शिकला तर वीस वर्षं गावाला पुरेल."

आपापल्या गावी गेल्यावर ही वही सुरू करा. पुढच्या बैठकीला तीन-चार गावांच्या फेऱ्यांचे आकडे आले तर एकत्र बसून बघू. जे बाजारात जाऊन बसले आहेत, ज्यांचे हप्ते चालू आहेत, त्यांनीही लाज न धरता आपली बिले आणावीत. एकाची ठेच दहा जणांना वाचवते. आमची तुम्ही आज ऐकलीच आहे.